रात्री अकरा चाळीसपर्यंत

२०२१ च्या ऑगस्टमध्ये जोगेश्वरीतला सोळा वर्षांचा एक मुलगा चिठ्ठी लिहून घरातून निघून गेला. पबजी या मोबाईल गेमची आयडी, म्हणजे खातं, आणि यूसी हे त्यातलं चलन घेण्यात त्यानं आईच्या बँकखात्यातले दहा लाख रुपये घालवले होते. बातमी सगळीकडे छापून आली. दहा लाखांच्या आकड्यावर लोक हळहळले, ‘आजकालची पोरं’ असं म्हणून झालं आणि दुसऱ्या दिवशी दुसरी बातमी आली. मला त्या बातमीत एक गोष्ट तेव्हाही सापडली नाही: मधले तास. पहिला रुपया गेला तेव्हापासून चिठ्ठीपर्यंत त्या घरात किती वेळा ताटं मांडली गेली असतील. त्या सगळ्या वेळात काय चाललंय हे घरातल्या एकट्या त्या पोराला माहीत होतं.

खाली मांडलेले तास त्या मुलाचे नाहीत. त्याचं घर उघडं करायचा मला हक्क नाही. हे घर मी रचलंय, आणि ते नवी मुंबईत, कोपरखैरण्यात ठेवलंय, कारण गेमची आयडी विकणारी पोरं अशा घरांतही आहेत. वडील माथाडी कामगार, मूळ गाव साताऱ्याकडचं, काम वाशीच्या एपीएमसीत कांदा-बटाटा बाजारात. आई दुपारी डबे करून देते. मुलगा सतरा वर्षांचा, बारावीला. माणसं कल्पित आहेत, पण फसवणुकीची प्रत्येक पायरी खरी आहे.

सकाळी ९.४०. चौदा तास बाकी.

वडील पहाटेच बाजारात गेलेत. मुलाला परीक्षेच्या तयारीची सुट्टी आहे. त्यानं रात्रीच ठरवलंय की गेम बंद करायचा, आयडी विकायची आणि आलेले पैसे आईच्या हातात ठेवायचे. सुरुवात इथून होते, एका चांगल्या विचारातून. हे मी मुद्दाम आधी सांगतोय, कारण संध्याकाळी कुणालाही हे आठवणार नाही.

तो टेलिग्रामवरच्या एका ग्रुपात स्क्रीनशॉट टाकतो. चार वर्षांची आयडी, ग्लेशियर एम-४१६ बंदूक, दोन मिथिक सूट, एकदा कॉन्कररपर्यंत गेलेली रँक. किंमत चौदा हजार.

ही आयडी त्याची आहे का? त्याला वाटतं आहे. चार वर्षांच्या रात्री त्यात गेल्यात. पण खेळ उतरवताना ‘मान्य आहे’ वर बोट ठेवलं, त्या करारात लिहिलेलं असतं की खातं कंपनीचं, खेळणाऱ्याला फक्त वापरण्याची परवानगी, आणि ते विकायला मनाई. विकल्याचं कळलं तर कंपनी ते बंद करू शकते. यूसीचं तेच. खिशातले रुपये देऊन घेतलेलं हे चलन त्या एका खेळाबाहेर कवडीच्या मोलाचं नाही.

हे भारतानं एकदा अनुभवलंय. २ सप्टेंबर २०२० ला केंद्र सरकारनं ११८ अ‍ॅपवर बंदी घातली, त्यात पबजी मोबाईल होता. ज्यांच्या फोनमध्ये तो आधीपासून होता ते खेळत राहिले. मग टेन्सेंट कंपनीनं जाहीर केलं की ३० ऑक्टोबरपासून भारतातली सेवा बंद, आणि त्या दिवशी देशभरातल्या पोरांच्या आयड्या, सूट, यूसी सगळं दारापलीकडे गेलं. पुढच्या वर्षी जुलैत क्राफ्टन कंपनीनं तोच खेळ बीजीएमआय या नावानं आणला आणि जुना माल नव्या खात्यात न्यायची सोय दिली, म्हणून पोरांना ती वस्तू पुन्हा आपली वाटू लागली. २८ जुलै २०२२ ला बीजीएमआयही अ‍ॅप स्टोअरमधून काढला गेला आणि २०२३ च्या मे महिन्यात परतला. फ्री फायर हा दुसरा खेळ त्याआधीच, १४ फेब्रुवारी २०२२ ला बंद झाला होता. मालक वेगळाच असतो, हे इतक्या वेळा दिसूनही आयड्यांचा बाजार थांबला नाही.

सकाळी १०.१५

गिऱ्हाईक येतं. ‘भावा, आयडी एक नंबर. चौदा डन.’ घासाघीस नाही.

कोपरखैरण्याच्या बाजारात भेंडीसाठीसुद्धा लोक दोन रुपये कमी करून मागतात. न बघितलेल्या, हातात न येणाऱ्या वस्तूला कुणी चौदा हजार पहिल्या झटक्यात कबूल करतो, तेव्हा त्याला ते द्यायचेच नसतात.

सकाळी ११.३०

‘मिडलमॅन’ ग्रुपात येतो. पोरं त्याला ‘एमएम’ म्हणतात. कल्पना अशी की विकणाऱ्यानं आयडी त्याच्याकडे द्यायची, घेणाऱ्यानं पैसे त्याच्याकडे द्यायचे, मग त्यानं दोघांचं दोघांना पोचतं करायचं. जुन्या पेठेतल्या दलालासारखं. फरक एवढाच की दलालाची पेढी असते, त्याला चार लोक ओळखतात. इथं ओळख म्हणजे फक्त नाव आणि फोटो. पोरांमध्ये नाव झालेल्या एखाद्या एमएमचा फोटो उचलायचा, नावातलं एक अक्षर बदलायचं, ग्रुपात पन्नास खोटी खाती भरून त्यांच्याकडून ‘ट्रस्टेड भाई’ लिहवून घ्यायचं, एवढं पुरतं.

मुलाला विचारतात, आयडी कशाला जोडलीय? गुगलला. मग जीमेल आणि पासवर्ड दे. फोनवर कोड येईल, तो पण दे.

इथं थोडं थांबायला हवं, कारण सगळ्यात मोठी चोरी हीच आहे आणि त्या मुलाला ती चोरी वाटतच नाही. त्याच्या मनात तो एक खेळ देतोय. प्रत्यक्षात तो देतोय ते जीमेल त्यानं तेराव्या वर्षी आईच्या फोनवर उघडलं होतं. आईच्या फोनमधले फोटो त्यात साठतात. घरातल्या सगळ्यांचे नंबर त्यात आहेत. शाळेच्या दाखल्याचा, वडिलांच्या आधार कार्डाचा फोटो त्यात आहे, कारण कुठल्याशा अर्जासाठी तो एकदा मेल केला होता. ब्राउझरनं लक्षात ठेवलेले सगळे पासवर्ड त्यात आहेत. खेळाची किल्ली म्हणून त्यानं घराची किल्ली दिली.

सात मिनिटांत पलीकडून पासवर्ड बदलला जातो, जोडलेला फोन नंबर बदलला जातो. ‘चेक करतोय भाई, दोन मिनिटं.’

उलट बाजूनंही हाच घात होतो. आयडी विकत घेणारा पोरगा पैसे देऊन मोकळा होतो, आठवडाभर खेळतो आणि एके दिवशी बाहेर फेकला जातो. मूळ मालकानं जुनं ईमेल आणि जुन्या खरेदीच्या पावत्या दाखवून कंपनीकडून खातं परत मिळवलेलं असतं. तक्रार करायला जावं तर विक्रीच मनाईची. स्वस्त यूसीचंही असंच आहे. निम्म्या भावात मिळणारं यूसी पुष्कळदा चोरलेल्या कार्डावर घेतलेलं असतं, किंवा खरेदी करून मग स्टोअरकडून पैसे परत उकळलेले असतात. हिशेब उलटला की ते यूसी वजा होतं आणि घेणाऱ्याची आयडी बंद पडते. खेळात काही घ्यायचंच असेल तर खेळाच्या आतल्या दुकानातून, आईबापाला सांगून, एवढी एकच वाट मला धड वाटते. बीजीएमआय आला तेव्हा त्यात अठराखालच्यांना दिवसाला तीन तास आणि सात हजार रुपये खर्च अशी मर्यादा होती. टेलिग्रामच्या ग्रुपात मर्यादा नसते.

दुपारी १२.०५

‘पेमेंट होल्डवर आहे. एक रुपया पाठव, अकाउंट व्हेरिफाय होईल.’ एक रुपया जातो. मग एमएमची फी १,४००. मग ४,२०० ‘सिक्युरिटी’, ती परत मिळणार. आईच्या फोनवरचं यूपीआय मुलगाच चालवतो. विजेचं बिल, गॅस, डब्यांचा हिशेब, सगळं त्यानंच बसवून दिलंय. पिन त्याला पाठ आहे.

पैसे घेताना पिन लागत नाही. पिन फक्त पैसे देताना लागतो. हे एक वाक्य नवी मुंबईतल्या प्रत्येक शाळेच्या फळ्यावर महिनाभर राहावं असं मला मनापासून वाटतं.

दुपारी १.००

‘जेवायला ये रे.’ आई हाक मारते. तो येतो, ताटावर बसतो. गेलेले पैसे ५,६०१.

आत्ता सांगितलं तर? सायबर फसवणुकीची तक्रार करायला १९३० या नंबरवर फोन लागतो. कुणाच्या खात्यातून, किती वाजता, कुणाच्या खात्यात गेले ते सांगायचं, प्रत्येक व्यवहाराचा बारा आकडी क्रमांक द्यायचा. तक्रार त्याच यंत्रणेतून समोरच्या बँकेकडे जाते आणि तिथं पैसे अजून पडून असतील तर ते गोठवले जातात. पैसे मात्र पडून राहत नाहीत. पहिलं खातं भाड्यानं घेतलेलं असतं, कुणा गरजू माणसाचं. तिथून दुसऱ्या, तिसऱ्या खात्यात तुकडे पडतात आणि शेवटी कुठल्यातरी एटीएममधून नोटा निघतात. पोलीस ज्याला ‘गोल्डन अवर’ म्हणतात तो हा पहिला तास. महाराष्ट्र सायबरचं मुख्यालय महाप्याला आहे. या ताटापासून रिक्षानं जाता येईल इतकं जवळ.

रिझर्व्ह बँकेनं ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात घालून दिलेला नियमही घड्याळावरच चालतो. ग्राहकाच्या स्वतःच्या चुकीनं पैसे गेले असतील तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान त्याचं. कळवल्यानंतर आणखी गेले तर ते बँकेचं.

मुलगा भात कालवतो. त्याला वाटतं, पाच हजार तर गेलेत, संध्याकाळपर्यंत चौदा येतील. मग सांगू. आई विचारते, ‘भाजी तिखट झालीय का?’ तो म्हणतो, नाही.

दुपारी २.१०

९,८०० आणखी. ‘जीएसटी.’ एकूण १५,४०१. आता तो आयडीसाठी पैसे भरत नाहीये, आधी भरलेल्या पैशांसाठी भरतोय.

दुपारी ३.२०

आईच्या फोनवर मेसेज येतो. पन्नास हजार जमा.

मुलगा उडी मारतो. लगेच फोन येतो, पहिल्यांदाच आवाज ऐकू येतो, गोड, वयानं थोडा मोठा: ‘भावा, घोळ झाला. दुसऱ्या डीलचे पैसे तुझ्याकडे आले. आधी ते परत कर, मग तुझे सगळे एकत्र सोडतो.’ परत करायचा नंबर वेगळा आहे. मुलगा क्षणभर अडखळतो आणि पाठवतो. दुसऱ्याचे पैसे ठेवून घेऊ नयेत हे त्याला याच घरात शिकवलंय.

ते पैसे दुसऱ्या डीलचे नव्हतेच. दुसऱ्या राज्यातल्या कुणा निवृत्त माणसाला त्याच सकाळी लुटलेलं होतं. त्याचे पैसे आईच्या खात्यातून पुढे गेले आणि ज्याला गुन्ह्याच्या भाषेत ‘म्यूल’ म्हणतात, ओझं वाहणारं खातं, तसं आईचं खातं झालं. आयुष्यभर पोती वाहणाऱ्या माणसाच्या घरात आणखी हे ओझं आलं.

चुकून पैसे आले तर करायचं काय, हे आपण मुलांना शिकवलेलंच नाही. ते फोनवरच्या माणसाच्या सांगण्यावरून दुसऱ्या नंबरवर कधीही पाठवायचे नाहीत. बँकेला लेखी कळवायचं, ज्या वाटेनं आले त्याच वाटेनं परत करा म्हणायचं आणि तोवर त्यांना हात लावायचा नाही.

दुपारी ४.००

वडील घरी येतात. अंघोळ करतात, पाठीला तेल लावून घेतात, झोपतात. मुलगा त्यांच्या पायाशी बसून मोबाईल बघत राहतो. एमएमनं त्याला ग्रुपातून काढून टाकलंय. आयडीचं नाव बदललंय.

इथं तो हलवून उठवू शकला असता. का नाही उठवलं? कारण मधे दोन गुन्हे उभे आहेत, एक त्या चोराचा आणि एक त्याचा स्वतःचा, आणि त्याला फक्त स्वतःचा दिसतोय. गेम खेळू नको म्हणून सांगितलं होतं. फोन पैशांसाठी वापरू नको म्हणून सांगितलं होतं. ‘सांगितलं होतं ना’ हे तीन शब्द त्याला आधीच ऐकू येतायत. फसवणाऱ्यांना ते पक्कं ठाऊक असतं, म्हणून त्यांचा सगळा धंदा मनाई असलेल्या गोष्टींभोवती चालतो. मनाईची गोष्ट करताना लुटला गेलेला माणूस ओरडत नाही.

कायदा, खरं तर, या पोराच्या बाजूला आहे. अठराखालच्याचा करार आपल्याकडे मुळातच रद्द. १९०३ साली मोहरीबीबीच्या खटल्यात प्रिव्ही कौन्सिलनं ते ठरवून टाकलंय. आणि दुसऱ्याचं सोंग घेऊन संगणकाच्या मदतीनं फसवणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ ड खाली गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद. तो पोरगा आरोपी नाही, फिर्यादी आहे. हे त्याला अजून कुणीही सांगितलेलं नाही.

संध्याकाळी ५.३०

इन्स्टाग्रामवर त्याला एक ‘रिकव्हरी एक्स्पर्ट’ सापडतो. आयडी आणि पैसे दोन्ही परत आणतो म्हणतो. फी ३,०००. तेही जातात. एकदा फसलेल्यांच्या वाटेवरच ही दुकानं थाटलेली असतात.

त्याच सुमारास त्या निवृत्त गृहस्थाच्या घरात कुणीतरी शहाण्यासारखं वागतं. बहुतेक मुलगी असावी. ती १९३० लावते. पैसे कुठून कुठे गेले त्याची साखळी उलगडत जाते, आणि साखळीतली एक कडी कोपरखैरण्याची निघते. जो नंबर या मुलाला वाचवू शकला असता तोच आता त्याच्या आईच्या खात्यापर्यंत येऊन पोचतो.

रात्री ७.५०

आई वाण्याकडे उभी आहे. उद्याच्या डब्यांचं तेल, डाळ, गूळ. पेमेंट होत नाही. ‘नेटवर्क नसेल ताई,’ वाणी म्हणतो, ‘उद्या द्या.’

रात्री ९.१५

बँकेचा मेसेज वडील वाचतात. खातं गोठवलंय. शिल्लक दिसतेय, हात लावता येत नाही.

यातून बाहेर पडता येतं, पण त्याला दिवस लागतात. शाखेत जाऊन लेखी विचारायचं की कुठल्या पोलीस ठाण्याच्या सांगण्यावरून गोठवलं आणि तक्रारीचा क्रमांक काय. मग त्या ठाण्याला आणि आपल्या सायबर पोलिसांना सगळ्या गप्पांचे स्क्रीनशॉट, खात्याचा उतारा, स्वतःची तक्रार द्यायची. एकही चॅट पुसायची नाही. नेमकं याच्या उलट मुलानं चार वाजता केलंय, घाबरून सगळं पुसून टाकलंय.

‘कुठं गेलं पैसं?’ वडील विचारतात. आवाज चढलेला नाही अजून.

मुलगा बोलत नाही. मग चढतो. मग शेजारची दारं किलकिली होतात. वडील जे बोलतात ते मी लिहीत नाही. पहाटेपासून पन्नास किलोची पोती उचलून आलेल्या माणसाला मी कुठल्या तोंडानं सांगू की अशा वेळी आधी मुलाला पाणी दे. तरी सांगतो, कारण सांगायलाच हवं. पैसे, आयडी आणि जीमेल हे सगळं नऊ वाजून पंधरा मिनिटांनी आधीच गेलेलं होतं. अजून न गेलेली एकच गोष्ट त्या खोलीत उभी होती.

रात्री ११.४०

दार लावल्याचा आवाज येतो, हलकासा. फोन टेबलावर तसाच आहे.

हे घर मी इथं सोडतो. पुढचं रचायची माझी तयारी नाही. त्याऐवजी खरं घडलेलं सांगतो.

२५ ऑगस्ट २०२१, बुधवार. जोगेश्वरीच्या त्या मुलाला पैसे गेल्याचं कळल्यावर आईवडील रागावले होते. तो चिठ्ठी ठेवून गेला. संध्याकाळी वडील एमआयडीसी पोलीस ठाण्यात पोचले. मुलगा अल्पवयीन, म्हणून पोलिसांनी अपहरणाचा गुन्हा नोंदवला. शोधात गुन्हे शाखेचं दहावं युनिट उतरलं. आईवडिलांशी बोलताना पोलिसांना पहिल्यांदा नीट कळलं की तो गेल्या महिन्यापासून कशात अडकला होता.

ती रात्र त्या घरात कशी गेली असेल, हे बातमीत नव्हतं.

गुरुवारी दुपारी तो सापडला. अंधेरी पूर्वेला, महाकाली लेण्यांच्या परिसरात. पोलिसांनी त्याची समजूत घातली आणि त्याला आईवडिलांच्या ताब्यात दिलं.